शनिवारचा आढावा आणि तिसरी खडूची खूण

(गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या मांडवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या सचिवांनी मला फोन केला आणि म्हणाले, "तुम्ही रेल्वेवाले. तुमच्याकडे सगळे वेळापत्रकाप्रमाणे चालते. तेव्हा आठवड्याच्या कामाचे नियोजन या विषयावर अर्धा तास बोला." फोन स्पीकरवर होता. आमच्या सौ. शेजारी भाजी निवडत होत्या. त्या इतक्या हसल्या की सचिवांनी विचारले, "काय झाले?" मी म्हटले, "काही नाही, वेळापत्रक म्हणालात ना, म्हणून."

तेव्हा सुरुवातीलाच कबुली देतो. मी व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यासक नाही. जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली, २००२ मध्ये रेल्वेत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्यातच आहे. पाचोऱ्याहून निघालो तो आता जबलपूरकर झालो. माझी मुले घरात मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच चालले असणार, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पुस्तकात वाचलेले सांगण्यापेक्षा रुळावर जे शिकलो आणि जे शिकायला फार उशीर केला, तेवढेच आज सांगणार आहे.

आमच्या कामातला एक शब्द आधी समजून घेऊ. तो शब्द म्हणजे ब्लॉक. ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत त्यांना रविवारचा मेगाब्लॉक चांगलाच परिचयाचा असेल. रूळ दुरुस्त करायचे तर त्यावरून जाणाऱ्या गाड्या काही वेळ थांबवाव्या लागतात. त्या वेळेला ब्लॉक म्हणतात. हा ब्लॉक आमच्या हक्काचा नसतो, तो मागावा लागतो. कंट्रोल गाड्यांचा अंदाज घेतो आणि देतो. दोन तास मागितले तर कधी दीड मिळतो, कधी आज नाही असे उत्तर मिळते. मिळाला की घड्याळ सुरू. वेळ संपली की रूळ गाडी जाण्याजोगा करून परत द्यायचा. "थोडेसे राहिले आहे, उद्या बघू" हे वाक्य तिथे चालत नाही, कारण उघडलेल्या रुळावरून गाडी जात नाही.

मला वाटते, आपला प्रत्येकाचा आठवडा हाही असाच एक ब्लॉक आहे. सोमवारी मिळतो, शनिवारी परत द्यावा लागतो. फरक इतकाच की इथे परत देताना कोणी सही मागत नाही. त्यामुळे काम अर्धवट सोडून आपण पुढचा ब्लॉक घेतो आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही.

माझी एक फजिती सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षे होती. तेव्हा मी दुसऱ्या ठिकाणी होतो. एका रुळात अल्ट्रासॉनिक तपासणीत दोष निघाला होता. तेवढा तुकडा कापून नवा घालायचा होता. दोन तासांचा ब्लॉक मोठ्या मिनतवारीने मिळाला. माणसे वेळेवर हजर, नवा रूळ जागेवर, सगळे ठीक. आम्ही कापायला सुरुवात केली. रूळ अर्ध्यावर कापला गेला आणि कटर बंद पडला. पेट्रोल संपले होते. पेट्रोलचा भरलेला डबा डेपोत दाराशेजारी ठेवलेला होता, तो कोणी गाडीत चढवलाच नव्हता.

मग हॅकसॉने रूळ कापायला घेतला. ज्यांनी कधी हॅकसॉने रूळ कापला आहे त्यांनाच तो वेळ किती लांब असतो ते कळेल. माणसे आळीपाळीने कापत होती. एप्रिलची दुपार. अलीकडच्या स्टेशनवर एक पॅसेंजर गाडी उभी. दोन तासांचा ब्लॉक पावणेतीन तासांवर गेला. मला जाब विचारला गेला तो बरोबरच होता. पण त्याहून जास्त लक्षात राहिले ते त्या गाडीतले लोक. पुढे गाडी सुटली आणि आमच्याजवळून सावकाश गेली तेव्हा खिडकीत एक बाई लहान मुलाला ओल्या टॉवेलने पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. माझ्या एका विसरलेल्या डब्याचा तो हिशेब होता.

त्या दिवशी मला कळले की ब्लॉकमधले काम ब्लॉकच्या आधीच होते. ब्लॉकमध्ये आपण फक्त ते उरकतो. तेव्हापासून मी कोणत्याही मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी सामानाची यादी मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक वस्तूला हात लावून पाहतो. नुसती वाचत नाही, हात लावतो. आठवड्यालाही हेच लागू आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता "आता काय करू" असा विचार करणारा माणूस ब्लॉक मिळाल्यावर पेट्रोल शोधत असतो. बँकेत जायचे असेल तर कागद शनिवारी एका पिशवीत गेले पाहिजेत. मुलाची फी भरायची असेल तर फीचे पुस्तक शनिवारी सापडले पाहिजे. सोमवारचा पहिला तास शनिवारी ठरलेला असावा.

दुसरी गोष्ट वेळेच्या मापाची. दोन तासांचा ब्लॉक म्हणजे दोन तासांचे काम नव्हे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना संरक्षण लावायचे, शेवटी रूळ तपासायचा, माणसे आणि अवजारे बाजूला घ्यायची, मोजणी करायची आणि मग लाइन मोकळी असल्याचे कळवायचे. हातात खरे काम करायला सव्वा-दीड तास उरतो. अनुभवी माणूस मागणी करतानाच हे धरतो. नवखा माणूस दोन तासांचे काम दोन तासांत बसवतो आणि फसतो.

मी एकदा महिनाभर माझ्या ऑफिसच्या दिवसाची नोंद ठेवली. आठ तासांत ठरवलेल्या कामाला किती वेळ मिळतो? माझ्या बाबतीत साडेचार तासांच्या वर एकदाही गेला नाही. बाकीचा वेळ फोन, वरिष्ठांचे निरोप, सह्या, अचानक आलेला माणूस आणि चहा. त्यात कोणाचा दोष नाही, ते कामाचाच भाग आहे. पण मी मात्र वर्षानुवर्षे आठ तासांची कामे लिहीत होतो आणि संध्याकाळी स्वतःला आळशी म्हणवून घेत होतो. आपण आळशी नव्हतो, आपले गणित चुकत होते. तुम्हीही एक महिना नोंद ठेवून बघा. आकडा तुमचा तुम्हीच काढा, माझा घेऊ नका.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. तुम्ही वेळापत्रक नीट पाहिले असेल तर एक गंमत लक्षात आली असेल. पुष्कळ गाड्यांना शेवटच्या दोन स्थानकांमधले थोडेसे अंतर कापायला कागदावर चांगलाच जास्त वेळ दिलेला असतो. लोक हसतात, म्हणतात, रेल्वे स्वतःच्या सोयीसाठी वेळ लपवते. लपवत नाही, धरून ठेवते. रूळदुरुस्तीमुळे गाडी कुठे सावकाश चालणार, कुठे उशीर होणार, तो भरून निघावा म्हणून वेळापत्रकात काही मिनिटे मुद्दाम जादा ठेवलेली असतात.

हाताने पॅकिंग होत असे तेव्हाच्या आमच्या नियमांतही गँगच्या आठवड्याची वाटणी अशीच होती. चार-पाच दिवस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने पॅकिंग करत जायचे आणि उरलेला वेळ ढिल्या जागा, पुलांची तोंडे, फाटके, सांधे यांच्यासाठी राखून ठेवायचा. ज्याने कोणी हे लिहिले तो फार शहाणा माणूस असला पाहिजे. त्याला माहीत होते की आठवड्यात काहीतरी बिघडणारच आहे. काय बिघडेल ते त्याला ठाऊक नव्हते, पण त्यासाठी दिवस राखून ठेवणे त्याच्या हातात होते. आपण मात्र सोमवार ते शनिवार गच्च भरतो आणि मंगळवारी पाहुणे आले की सगळा आठवडा रुळावरून उतरतो.

चौथी गोष्ट घराची. आमच्याकडे एका विभागाने ब्लॉक घेतला की त्याच वेळात सिग्नलवाले आणि विजेच्या तारांवाले आपापली कामे उरकतात. तीन वेळा गाड्या थांबवण्यापेक्षा एकदाच थांबवायच्या. हे ऑफिसात मला चांगले जमत होते. घरी मात्र मी माझा आठवडा आखायचो आणि सौ.ना तो सांगायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमच्या ब्लॉकला कंट्रोल आहे, अधिकारी आहेत. माझा ब्लॉक कोण देणार? तुम्ही आखलेल्या आठवड्यात मी कुठे आहे ते दाखवा." त्या शाळेत शिकवतात. पेपर तपासणे, घरचा स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, माझे डबे, येणारे-जाणारे. मी वही उघडली. त्यांच्यासाठी एक ओळ होती: "गॅस नंबर लावणे, सौ.ना सांगणे."

त्या रविवारपासून आम्ही दोघे चहाच्या वेळी वही मध्ये ठेवून बसतो. पंधरा मिनिटे पुरतात. कोणता दिवस कोणाचा जड आहे ते समोरासमोर कळते. तिचे पेपर असतील त्या आठवड्यात माझ्याकडे भाजी आणि मुलीची शिकवणी. माझा रात्रीचा ब्लॉक असेल त्या दिवशी घरी पाहुणा बोलवायचा नाही. भांडणे बंद झाली असे म्हणणार नाही, पण "तुम्ही सांगितलेच नाही" हे भांडण मात्र बंद झाले.

रविवारचा विषय निघाला म्हणून सांगतो. ही सुटी आपल्याला फुकट मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुटी मान्य झाली. आठवड्याचा एक दिवस स्वतःचा असावा यासाठी आपल्याच माणसांनी एवढे केले, आणि आपण तो दिवस मोबाइलवर ऑफिसचे निरोप वाचण्यात घालवतो. मी स्वतः हे करतो, म्हणून दुसऱ्याला नावे ठेवत नाही. पण आढावा शनिवारी संपवला तर रविवार खरोखर मोकळा होतो, हा माझा अनुभव आहे. आमच्या खात्यात पुष्कळांना रविवारी सुटी नसते. त्यांनी आपल्या साप्ताहिक सुटीच्या आदला दिवस शनिवार समजावा.

आता पाचवी गोष्ट, आणि आजच्या बोलण्यातली हीच मुख्य. ती मी एका मेटकडून शिकलो.

मेट म्हणजे गँगचा मुकादम. मी नवीन असताना आमच्याकडे एक जुने मेट होते. शाळा त्यांनी फार पाहिली नव्हती, सही करायचे तेवढेच. पण त्यांच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा असे. यार्डात, जिथे फिशप्लेटचे जुने जॉइंट होते, तिथे एखादा जॉइंट बसला, म्हणजे खाली दबला, की ते तो उचलून पॅकिंग करून घेत आणि रुळाच्या पोटावर खडूची एक उभी रेघ मारत. आठवड्याने फिरत फिरत परत तिथे येत. जॉइंट ठीक असेल तर पुढे जात. परत बसला असेल तर पुन्हा पॅकिंग आणि दुसरी रेघ. पावसाने पुसली तर पुन्हा मारत.

एकदा एका जॉइंटवर तिसरी रेघ मारायची वेळ आली. मी म्हटले, "चला, माणसे लावा, उचलून घेऊ." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "साब, तीसरी बार खड़िया लगी, मतलब नीचे पानी है।"

आणि खरोखर तसेच होते. गिट्टी बाजूला केली तर खाली चिखल. नर्मदेच्या खोऱ्यातली काळी माती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पाणी साचले की ती लोण्यासारखी होते. वरून गाडी गेली की चिखल गिट्टीत चढतो आणि जॉइंट पुन्हा बसतो. बाजूची नाली बुजली होती. आम्ही दोन दिवस नाली काढली, घाण झालेली गिट्टी चाळून बदलली, मग पॅकिंग केले. त्या जॉइंटला पुन्हा खडू लागला नाही. नाहीतर आम्ही वर्षभर दर आठवड्याला तोच जॉइंट उचलत बसलो असतो, आणि वहीत लिहिलेही असते की काम नियमित चालू आहे.

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली. नवीन मुलांना शिकवताना सांगितली. स्वतःला मात्र सांगितली नाही, आणि ते आता सांगतो.

२०१६ ची गोष्ट. माझी आई पाचोऱ्याला दादाकडे असते. एका रविवारी फोनवर बोलता बोलता म्हणाली, "अरे, रात्री दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आणि मधूनमधून डोके धरते." मी म्हटले, "डोळे दाखवायला हवेत. मी येतो आणि तुला इकडे घेऊन येतो, इथे चांगल्या डॉक्टरांना दाखवू." फोन ठेवला आणि लगेच वहीत लिहिले: "आई, डोळे."

त्या आठवड्यात मशीन आले होते. शनिवारी मी ती ओळ पुढच्या पानावर उतरवली. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. पुन्हा पुढच्या पानावर. मग पावसाळ्याची गस्त सुरू झाली. मग कोणाची तरी रजा. अकरा आठवडे ती ओळ मी अतिशय सुवाच्य अक्षरात एका पानावरून दुसऱ्या पानावर नेत होतो. माझी वही कोणी पाहिली असती तर म्हणाला असता, किती व्यवस्थित माणूस आहे.

शेवटी मी गेलो आणि तिला घेऊन आलो. डॉक्टरांनी तपासले. काचबिंदू. डाव्या डोळ्याची दृष्टी बहुतेक गेलेली होती. डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले की काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने सांभाळता येते. मी विचारले, आधी आणले असते तर? ते म्हणाले, "आता उजव्या डोळ्याचे बघू." त्यांनी उत्तर दिले नाही यातच मला उत्तर मिळाले.

रिक्षातून घरी येताना आई बराच वेळ गप्प होती. मीही गप्प होतो. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारले, "तुझ्या गाड्या वेळेवर गेल्या ना रे सगळ्या?"

तिने ते टोमण्याने विचारले नव्हते. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. तिला वाटत होते की मी कामात होतो.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. अकरा पाने मागे गेलो. आणि मला मेटचे शब्द आठवले. तिसऱ्या शनिवारीच मी थांबून विचारायला हवे होते, की खाली पाणी कुठे आहे? कारण वेळ नव्हता हे खोटे होते. पाचोऱ्याहून जळगाव एक तासाच्या अंतरावर आहे, तिथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. दादा एका दिवसात आईला दाखवून आणू शकला असता. मला फक्त त्याला एक फोन करायचा होता.

तो फोन मी करत नव्हतो. घराच्या वाटणीवरून आमच्यात दोन वर्षांपूर्वी शब्दाला शब्द लागला होता, आणि तेव्हापासून आम्ही आईच्या फोनवरच एकमेकांची खुशाली विचारत होतो. "मी येतो, मीच नेतो" हे मी आईच्या प्रेमाने म्हणालो असे मला वाटत होते. प्रेम होतेच. पण त्याच्या खाली दादाशी बोलावे लागू नये हेही होते. नाली तिथे बुजली होती, आणि मी वरून गिट्टी ठोकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. तो दोन मिनिटे काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलेस?" आजही वाटणीचा विषय पूर्ण मिटलेला नाही, पण आईच्या डोळ्यांत रोज वेळेवर औषध घालायचे काम दादा आणि वहिनी चुकवत नाहीत. उजवा डोळा टिकून आहे. ती अजून पेपरचे मथळे वाचते. जाता जाता सांगतो, हा आजार घरात कोणाला असेल तर रक्ताच्या नातेवाईकांनाही धोका जास्त असतो. मी वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब तपासून घेतो. चाळिशी ओलांडलेल्या सर्वांनी घ्यावा.

म्हणून मी आता आठवडा कसा पाहतो ते थोडक्यात सांगतो. साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर आठवड्याची मोठी कामे, पाचपेक्षा जास्त नाहीत. बारीकसारीक कामे खाली वेगळी. उजवे पान कोरे. शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटे बसायचे आणि उजव्या पानावर खरे काय झाले ते लिहायचे. झाले ते खोडायचे. राहिले त्याच्यापुढे "वेळ मिळाला नाही" असे लिहायला मी स्वतःला बंदी केली आहे. त्याऐवजी काय आडवे आले ते लिहायचे: कोणाचे उत्तर आले नाही, कोणते सामान नव्हते, कोणाला विचारायचा संकोच वाटला.

आणि जे काम पुढच्या पानावर जाईल त्याच्यापुढे एक उभी रेघ. दुसऱ्यांदा गेले तर दुसरी रेघ. तिसरी रेघ आली की ते काम तसेच पुढे न्यायचे नाही. तीनच वाटा. एक, सोमवारी सगळ्यात आधी तेच करायचे, मग बाकीचे. दोन, दुसऱ्याला सांगायचे, आणि सांगितले ते त्याच शनिवारी, फोन उचलून. तीन, हे आपल्याच्याने होणार नाही असे मान्य करून खोडून टाकायचे. खोडण्यात लाज नाही. मी गिटार शिकायचे असे चार महिने लिहीत होतो, एका शनिवारी खोडले आणि फार हलके वाटले. पण कोणतीही वाट घेण्याआधी गिट्टी बाजूला करून पाहायचे, की खाली काय आहे.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वेच्या सामान्य नियमांत रोलिंग ब्लॉकचे नवे प्रकरण आले. देखभालीची कामे ५२ आठवडे आधीपर्यंत आखायची आणि आखणी आठवड्या-आठवड्याने पुढे सरकवत न्यायची, अशी ती पद्धत आहे. घरालाही ती चांगली लागू पडते. वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाचे आठवडे मांडून ठेवा. परीक्षा, विम्याचे हप्ते, गावची लग्ने. एक उदाहरण देतो. तिकिटाचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन साधारण ५५ दिवस असतात. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवस आधी गावी पोहोचायचे असेल तर आरक्षण चतुर्थीच्या आठवडाभर आधीच उघडते. त्या वेळी आपण सगळे या मांडवाचे बांबू मोजत असतो, आणि नंतर मला विचारता, "साहेब, कोट्यातून काही होईल का?" या वर्षीची तारीख निघून गेली आहे. पुढच्या वर्षीची आज घरी गेल्यावर लिहून ठेवा.

शेवटी आपल्या मंडळाबद्दल एक विनंती करतो. विसर्जनानंतर आपली बैठक होते आणि वर्गणीचा हिशेब चोख होतो. त्याबद्दल खजिनदारांचे कौतुकच केले पाहिजे. पण त्याच बैठकीत अर्धा तास कामाचाही हिशेब व्हावा. काय ठरले होते, काय झाले, आणि कोणती गोष्ट सलग तिसऱ्या वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून राहिली? मुलांचा मराठी वर्ग मला आठवतो त्याप्रमाणे तीन वर्षांपासून इतिवृत्तात आहे. म्हणजे त्याला तिसरी रेघ लागली. शिक्षक मिळत नाहीत असे आपण म्हणतो. खाली पाणी दुसरीकडेच असेल. मुलांना रविवारी सकाळी घेऊन यायला आपल्यालाच वेळ नको असेल. मीही त्या आई-बापांत आहे, म्हणून हे बोलायचा अधिकार घेतला. पहिल्या रविवारी माझी दोन्ही मुले घेऊन मी येईन, एवढे या ठिकाणी सर्वांसमक्ष सांगतो. माझ्या वहीत ते उद्या लिहिले जाईल.

 आरतीची वेळ झाली आहे आणि हा ब्लॉक मला वेळेत परत द्यायचा आहे.

गणपती बाप्पा मोरया!